कोंबडीचे अंडे आणि कोंबड्यांचे भांडण

कोंबडी हा मूर्ख पक्षी आहे, असा निकाल माणसाने फार पूर्वीच देऊन टाकला आहे आणि त्या निकालाच्या पुष्ट्यर्थ पुरावेही भरपूर दिले जातात. गृहिणीने मोठ्या मायेने तणस घालून टोपली मांडून ठेवावी आणि कोंबडीने मात्र सरपणाच्या ढिगामागे जाऊन अंडे घालावे. बरे, लपून अंडे घातले तर गप्प बसावे; पण तेही नाही. सगळ्या आळीला ऐकू जाईल असा कलकलाट करून ती वार्ता तिने स्वतःच जाहीर करावी. तीन टोपल्या रिकाम्या असताना चौथीत आधीच बसलेल्या शेजारणीच्या पाठीवर चढून बसावे. मूठभर कणी टाकली, तर ती टिपण्याचे सोडून दुसरीच्या डोक्यावर टोच मारण्यासाठी धावावे. हे सारे पाहून हसू येते, आणि हसून झाले की माणूस आपल्या कामाला लागतो.

परंतु बालाघाट जिल्ह्यातील धानाच्या गावांत, लांजी, किरनापूर किंवा वारासिवनीच्या बाजूला, ज्या घराच्या परसात चार-सहा देशी कोंबड्या फिरतात, त्या घरच्या बाईला केवळ हसून भागत नाही. कोंबड्यांचे अंडे ही बहुधा तिची स्वतःची मिळकत असते. शेताचा पैसा वर्षातून एकदा येतो व तो आधीच वाटला गेलेला असतो. अंड्यांचा पैसा थोडा असला तरी हातात राहतो. मीठमिरची, मुलांच्या वह्या, एखाद्या दिवशी दवाखान्याला जाण्याचे भाडे अशा गोष्टी त्यातून निघतात. म्हणून सरपणामागे हरवलेले अंडे किंवा भांडणापायी अंडी बंद केलेली कोंबडी ही तिच्या दृष्टीने तोट्याची बाब ठरते. हा तोटा पुष्कळदा टाळता येण्यासारखा असतो. त्यासाठी एवढेच करावे लागते की, कोंबडी मूर्ख आहे हा निकाल बाजूस ठेवून ती असे का करते, हे पाहावे लागते.

याचे उत्तर शोधण्यासाठी बालाघाटकरांना फार दूर जावे लागत नाही. वैनगंगेकाठची सखल भातशेती मागे टाकून बैहरच्या बाजूने घाट चढला की साल आणि बांबू यांचे अरण्य लागते. १९५५ साली स्थापन झालेल्या कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग याच जिल्ह्यात येतो. त्या रानात तांबडा रानकोंबडा आजही नांदतो. त्याची बांग घरच्या कोंबड्यासारखीच, फक्त शेवटी एकदम तुटल्यासारखी असते. हाच घरच्या कोंबडीचा मूळपुरुष होय. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्यात आणखी एक नाते जोडले. घरच्या कित्येक कोंबड्यांचे पाय पिवळे असतात. तो गुण त्यांना पश्चिम आणि दक्षिण भारतात राहणाऱ्या राखाडी रानकोंबड्याकडून मिळाला आहे.

रानकोंबडा माणसाकडे आला कसा, यालाही धान्याचाच आधार दिला जातो. थायलंडमधील बान नॉन वाट या ठिकाणी सापडलेली, इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० या काळातील हाडे ही पाळीव कोंबडीची आजवरची सर्वांत जुनी खात्रीची हाडे होत, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे. माणूस भात व भरडधान्ये पिकवू लागला, ती साठवू लागला, आणि त्या दाण्यांच्या लोभाने रानातला पक्षी वस्तीजवळ आला, असे त्या अभ्यासकांचे मत आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षे कोंबडी माणसाच्या अंगणात वावरत आहे. तथापि तिच्या डोक्यातील रान अद्याप गेलेले नाही. तिच्या साऱ्या विक्षिप्तपणाचे मूळ येथे आहे.

प्रथम अंड्याचेच घेऊ. कोंबडीच्या अंगात उजव्या बाजूचे बीजांड वाढत नाही. काम सगळे डाव्या बाजूच्या एका बीजांडावर चालते. तेथून पिवळा बलक सुटला की तो लांब नळीतून खाली सरकू लागतो. सुमारे तीन तासांत त्याच्याभोवती पांढऱ्याचा बराचसा भाग जमतो, पुढच्या सव्वा तासात आतील पातळ पापुद्रे तयार होतात, आणि मग टरफल बनविण्यासाठी तब्बल वीस तास लागतात. एका टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते व त्याचा काही भाग कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून देते. चुन्याचा खडा, शिंपल्याचा चुरा किंवा भाजून बारीक केलेली टरफले कोंबड्यांना का घालावीत, हे यावरून ध्यानात यावे. वैशाखाच्या उन्हात कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते. त्या धापांबरोबर तिच्या रक्तातील कर्बवायू कमी होतो आणि टरफलाला लागणारे द्रव्य अपुरे पडते. उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची निघतात ती यामुळे. सावली व गार पाणी हा त्यावरचा पहिला उपाय आहे.

या सगळ्या कामाला मिळून चोवीस तासांहून थोडा अधिक वेळ, साधारणतः पंचवीस ते सव्वीस तास, लागतो. त्यामुळे आज सकाळी आठला अंडे घालणारी कोंबडी उद्या नऊच्या पुढे, परवा दहा-अकराला घालते. असे सरकत सरकत दुपार उलटू लागली की नवा बलक सुटण्याची वेळ चुकते व एक दिवसाची सुट्टी पडते. मग ती पुन्हा सकाळपासून आरंभ करते. ज्या दिवशी टोपली रिकामी दिसते, त्या दिवशी कोंबडीवर आळसाचा किंवा शेजाऱ्यावर चोरीचा आरोप करण्यापूर्वी हा हिशेब पाहणे बरे. कोंबडीला कॅलेंडरही नसते. तिला दिवसाची लांबी कळते. उजेड तिच्या कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोहोचतो. बालाघाटला पौषात दिवस पावणेअकरा तासांचा होतो व ज्येष्ठात साडेतेरा तासांचा. दिवस लहान होऊ लागले आणि पिसे गळू लागली की अंडी कमी होणे हा सृष्टीचा नियम आहे, कोंबडीचा रुसवा नव्हे.

आता ती जागा का लपविते ते पाहू. रानातील कोंबडी जमिनीवरच, झुडपाखाली किंवा बांबूच्या बेटात पालापाचोळा सारून लहानसा खळगा करते व त्यात पाच-सहा अंडी घालते. तिला घर नाही, दार नाही. मुंगूस, घोरपड, साप हे सारे शेजारी. तिचे एकच संरक्षण असते, ते म्हणजे न दिसणे. म्हणून घरची कोंबडीही अंधारी, तीन बाजूंनी बंद, मऊ बुडाची जागा शोधीत फिरते. उघड्या ओसरीत मांडलेली सुंदर टोपली तिला पसंत पडत नाही, कारण ती टोपली गृहिणीला जितकी छान दिसते तितकीच मुंगसालाही दिसेल, अशी तिच्या रक्ताची साक्ष असते. तीच टोपली भिंतीच्या कोपऱ्यात आडवी ठेवून वर गोणपाट टाकले तर कित्येकदा सरपणाचा ढीग विसरला जातो. टोपलीत एखादे अंडे, निदान अंड्याच्या आकाराचा पांढरा गुळगुळीत दगड ठेवण्याची जी जुनी रीत आहे, तीही शहाणपणाची आहे. जेथे अंडे शाबूत राहिले ती जागा निर्धोक, असे कोंबडीला वाटते. एकाच टोपलीसाठी तिघींची झुंबड उडते, तिच्यामागेही बरेचसे हेच कारण असते.

मग अंडे घातल्यावर तो कलकलाट कशासाठी? या प्रश्नावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण दोन तर्क विचारात घेण्यासारखे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्यावरील नॉर्थवेस्ट बेटावर माणसांनी सोडलेल्या कोंबड्या रानटी होऊन राहात होत्या. मॅकब्राइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे निरीक्षण करून १९६९ साली जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात कोंबडा आपल्या माद्यांना जागेपर्यंत सोबत करतो व परत कळपात आणतो, असे दिसून आले. तेव्हा अंडे घालून एकटी पडलेली कोंबडी आपल्या मंडळींना साद घालते, असा पहिला तर्क. दुसरा तर्क असा की, ती जागेपासून दूर सरकत ओरडते आणि शत्रूचे लक्ष अंड्यावरून स्वतःकडे वळविते. अनुभवी बायका ओरडणाऱ्या कोंबडीपाशी अंडे शोधीत नाहीत. ती कोठून आली याचा अंदाज घेतात. त्यांचा हा अनुभव दुसऱ्या तर्काशी चांगला जुळतो.

येथवर एकट्या कोंबडीचा विचार झाला. पण परसात कोंबडी एकटी नसते, आणि खरी गंमत तेथेच सुरू होते. समजा, एका घरी पाच कोंबड्या आहेत: तांबडी, काळी, कबरी, पांढरी आणि उघड्या मानेची. वरवर पाहता त्यांची दिवसभर अकारण मारामारी चालते. नॉर्वेमधील थॉर्लिफ श्येल्डरुप-एब्बे नावाच्या गृहस्थाला लहानपणापासून कोंबड्यांचा नाद होता. कोण कोणाला टोचते याची तो बारकाईने नोंद ठेवू लागला, आणि १९२२ साली त्याने आपले निष्कर्ष जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. ते निष्कर्ष आज प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहेत. कोंबड्यांच्या टोचण्यात एक काटेकोर उतरंड असते. तांबडी चौघींना टोचते, तिला कोणी टोचत नाही. काळी तिघींना टोचते, परंतु तांबडीपुढे मान खाली घालते. असे होत होत सर्वांत खालची बिचारी सगळ्यांचा मार खाते व कोणालाच मारू शकत नाही. क्वचित या उतरंडीत गाठही पडते. काळी कबरीला दाबते, कबरी पांढरीला दाबते, आणि पांढरी उलट काळीला दाबते. माणसांच्या कचेरीत असे कधी होत नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगावे!

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ही उतरंड भांडणे वाढविण्यासाठी नसून मिटविण्यासाठी असते. पिल्ले काही आठवड्यांची होताच एकमेकांशी छाती भिडवून आपापली पायरी ठरवून घेतात. एकदा पायरी ठरली की पुढे रक्त सांडण्याचे कारण उरत नाही; वरचीने नुसती मान उंचावली तरी खालची बाजूला होते. दिसते ती टोच बहुधा जुन्या निकालाची आठवण असते. मात्र यासाठी प्रत्येकीने प्रत्येकीला ओळखावे लागते, आणि ही ओळख मुख्यतः चेहरा व तुरा यांवरून पटते. एखादीच्या तुऱ्याचे रूप बदलले तर कालच्या मैत्रिणीही तिला परकी समजून अंगावर धावतात.

ही शांतता मोडली तर काय होते? अमेरिकेतील गुल आणि ॲली या दोघांनी १९४४ साली आपल्या प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनी काही कळप तसेच ठेवले व काहींतील कोंबड्या वरचेवर बदलल्या. बदलत्या कळपांत टोचाटोची वाढली, कोंबड्यांनी दाणा कमी खाल्ला, त्यांचे वजन कमी भरले आणि अंडीही कमी झाली. याचा अर्थ परसापुरता सोपा आहे. आठवडी बाजारातून एक नवी तलंग आणून तिला भरदिवसा अंगणात सोडून देणे म्हणजे पाचही जणींची अंडी धोक्यात घालणे होय. तिला आठवडाभर डालग्याखाली किंवा जाळीच्या आड ठेवावे, म्हणजे दिसते पण टोचता येत नाही, अशा अवस्थेत ओळख होते. त्यानंतर रात्री खुराड्यात सर्व झोपल्यावर तिला हळूच त्यांच्यामध्ये बसवावे. कोंबडीला अंधारात दिसत नाही. सकाळ होते तेव्हा निम्मा वाद संपलेला असतो. एकटीऐवजी दोघी आणल्या तर मारही वाटला जातो.

अंडे आणि भांडण हे दोन वेगळे विषय वाटले तरी त्यांची गाठ येथे पडते. वरच्या पायरीची कोंबडी दाण्यावर पहिली, रात्री दांडीवर पहिली आणि टोपलीतही पहिली असते. खालच्या पायरीची कोंबडी अंड्याची वेळ भरली असता टोपलीभोवती घिरट्या घालते, आर्त स्वर काढते, आणि जागा मिळाली नाही तर अंडे काही काळ रोखूनही धरते. अशा अंड्याच्या टरफलावर कधी कधी जादा चुन्याची पांढरी पूड दिसते. अखेरीस निरुपाय होऊन ती सरपणामागे किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात जाते. म्हणजे जी कोंबडी अंडे भलतीकडे घालते ती पुष्कळदा खट्याळ नसून हाकललेली असते. तिला काठी दाखविण्यापेक्षा दुसऱ्या अंधाऱ्या कोपऱ्यात आणखी एक टोपली ठेवावी, आणि दाणा एका जागी न ओतता दोन-तीन ठिकाणी, एकमेकींना न दिसेल असा टाकावा. सर्वांत खालच्या कोंबडीला पोटभर मिळाले की नाही, यावरून परसाचा कारभार कसा चालला आहे ते ओळखता येते.

याच मालिकेतील आणखी एक प्रसंग म्हणजे कोंबडी खुडूक होणे. कालपर्यंत भित्री असलेली कोंबडी टोपलीत ठाण मांडून बसते, पिसे फुलविते, हात लावू पाहणाऱ्यावर चोच उगारते. तिच्या अंगात एक विशिष्ट स्राव वाढलेला असतो व त्यायोगे अंडी घालणे थांबून उबविण्याची ओढ लागते. अंडी हवी असलेल्या घरी या वेळी तिला गार पाण्यात बुचकळण्याची शिक्षा होते. ही शिक्षा व्यर्थ आणि निर्दय आहे. खालून वारा लागेल अशा उघड्या बुडाच्या पिंजऱ्यात, दाणापाणी देऊन, तिला काही दिवस ठेवले तर पोटाखालची ऊब निघून जाते व ती ओढही ओसरते. पिल्ले हवी असतील तर मात्र तिच्यासारखे यंत्र नाही. एकवीस दिवस ती दिवसातून जेमतेम एकदा दाणापाण्यासाठी उठते; आतील जीव टरफलाला चिकटू नये म्हणून अंडी वरचेवर उलटविते; आणि शेवटच्या दिवसांत अंड्यातून येणाऱ्या चिवचिवाटाला हलक्या स्वरात उत्तर देते. पिल्ले बाहेर येण्यापूर्वीच त्यांची आईशी ओळख झालेली असते.

कोंबड्यांच्या या दरबारात कोंबड्याचे स्थान काय, असा प्रश्न उरतो. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली या म्हणीला जणू पुरवणी जोडली. सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही आपल्या अंगच्या घड्याळानुसार पहाटेच्या वेळी आरवत राहिले. म्हणजे झाकले म्हणून कोंबड्याचे आरवणेही लगेच राहत नाही. त्यांनीच २०१५ साली दाखविले की, चार कोंबडे एकत्र असतील तर सर्वांत वरच्या पायरीचा आधी आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे मागून. पहाटेची बांगसुद्धा क्रम मोडून देता येत नाही.

आज व्यापारी पोल्ट्रीतील कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, आणि परसातील देशी कोंबडी पन्नास ते ऐंशी. आकड्यांच्या या शर्यतीत देशी कोंबडी हरणारच. परंतु ती उकिरड्यावर पोट भरते, घारीची सावली पडताच पिल्लांना पंखांखाली घेते, आणि स्वतःची पुढची पिढी स्वतःच उबवून काढते. तिच्यासाठी लागणारी तजवीजही माफक आहे: दोन अंधाऱ्या टोपल्या, थोडी सावली, चुन्याचा चुरा, विखरून टाकलेली कणी, आणि कोण कोणाला टोचते हे पाहण्यासाठी दिवसातील पाच मिनिटे. एवढी तजवीज ज्या घरी होते, त्या घरच्या बाईला सरपणाचा ढीग उपसावा लागत नाही.